सदोष जनुक तसंच राहिलं, आजार मात्र थांबला: व्हिक्टोरिया ग्रे यांच्या उपचाराचा अभ्यास

2 जुलै 2019. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात व्हिक्टोरिया ग्रे यांच्या शिरेतून त्यांच्याच अस्थिमज्जेच्या मूलपेशी त्यांच्या शरीरात परत सोडल्या गेल्या. मधल्या काळात या पेशी प्रयोगशाळेत जाऊन आल्या होत्या आणि तिथे क्रिस्परच्या, म्हणजे ठरवलेल्या जागी डीएनए कापणाऱ्या साधनाच्या, कात्रीने त्यांच्या डीएनएवर एका ठिकाणी काप घेतला गेला होता. ग्रे मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या गावच्या. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार त्यांना जन्मापासून. उपचाराच्या चाचणीत नोंदणी होण्यापूर्वीच्या दोन वर्षांत त्यांना दर वर्षी सरासरी सात वेळा वेदनेचे तीव्र झटके येत होते. अमेरिकेत सिकलसेलसाठी क्रिस्परचा उपचार घेणाऱ्या त्या पहिल्या रुग्ण.

पंधरा महिन्यांनंतरचे त्यांच्या रक्ताचे आकडे जानेवारी 2021 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. एकूण हिमोग्लोबिन 7.2 वरून 12 ग्रॅमवर गेलं होतं. गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन 9.1 टक्क्यांवरून 43.2 टक्के झालं होतं. झटका एकही आला नव्हता.

त्याच तक्त्यात आणखी एक आकडा आहे. बातम्यांनी तो सोडून दिला, पण हे प्रकरण समजून घ्यायचं तर सुरुवात तिथूनच करावी असं मला वाटतं. उपचारानंतरही ग्रे यांच्या रक्तात सिकलचं, म्हणजे सदोष हिमोग्लोबिन 52 टक्के होतं. बिघडलेल्या जनुकाला कुणी हात लावलेला नव्हता. ते आधी होतं तसंच होतं आणि आपलं सदोष प्रथिन बनवतही होतं. काप घेतला होता दुसऱ्याच गुणसूत्रावर, दुसऱ्याच जनुकात, तोही त्या जनुकाच्या अशा भागात जिथून कुठलंच प्रथिन बनत नाही.

मग बरं काय झालं, आणि कसं?

तान्ह्या बाळांकडून मिळालेला धागा

सिकलसेलचं मूळ कारण बरंच आधी कळलं होतं. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रुग्णांचं हिमोग्लोबिनच वेगळं असतं. त्यानंतर काही वर्षांतच व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमका फरक शोधला: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल. डीएनएच्या भाषेत एका अक्षराची चूक. या एका बदलामुळे ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब ताठ दोर तयार होतात आणि गोल, लवचिक रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होऊन बारीक रक्तवाहिनीत अडकते.

पण त्याही आधी, 1948 मध्ये, ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांना एक गोष्ट खटकली होती. आजार जन्मजात आहे, तर मग नवजात बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी इतक्या कमी का? त्यांनी अंदाज बांधला की बाळाच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन आहे आणि तेच त्याला वाचवतंय. अंदाज अचूक होता.

माणूस आयुष्यात एकाच प्रकारचं हिमोग्लोबिन वापरत नाही. गर्भात असताना दोन अल्फा आणि दोन गॅमा साखळ्या, जन्मानंतर दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फा सोडून बाकीची जनुकं अकराव्या गुणसूत्रावर एका ओळीत बसलेली आहेत. पहिलं अगदी सुरुवातीच्या भ्रूणासाठी, मग दोन गॅमा जनुकं, मग डेल्टा आणि शेवटी बीटा. ज्या क्रमाने ती आयुष्यात वापरात येतात त्याच क्रमाने डीएनएवरही मांडलेली आहेत. ओळीच्या आधी, थोड्या अंतरावर, एक जोरदार नियंत्रक पट्टा आहे. डीएनएचा धागा वळून हा पट्टा एखाद्या जनुकाच्या दाराशी येऊन टेकला की ते जनुक जोमाने चालतं. एका वेळी तो एकाच दाराशी टेकू शकतो. म्हणून गॅमा चालू असेल तर बीटा मंद, आणि बीटा चालू झालं की गॅमा बंद. पुढे ग्रे यांच्या बाबतीत हीच गोष्ट उपयोगी पडणार होती.

जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा जनुकं बंद होतात. गॅमाच्या अक्षरांत काही बदललेलं नसतं आणि ती हरवलेलीही नसतात. प्रत्येक प्रौढ माणसाच्या प्रत्येक पेशीत ती शाबूत आहेत, फक्त मिटलेली. सिकलसेलच्या बाळाची ढाल याच काळात गळून पडते आणि आजार डोकं वर काढतो.

काही लोकांत मात्र ती मिटतच नाहीत. 1950 च्या दशकापासून अशी माणसं सापडत गेली ज्यांच्या रक्तात मोठेपणीही गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर होतं आणि तब्येत ठणठणीत. काहींना आईवडिलांपैकी एकाकडून सिकलचं जनुक आणि दुसऱ्याकडून हे न मिटणारं गॅमा मिळालं होतं. त्यांच्या रक्तात जवळपास 30 टक्के गर्भातलं हिमोग्लोबिन होतं आणि सिकलसेलचा त्रास जवळजवळ नव्हता. निसर्गानेच प्रयोग करून उत्तर मांडून ठेवलं होतं. प्रश्न एवढाच होता की बाकीच्यांचं गॅमा कोण मिटवतं.

मिटवणारा सापडला, पण त्याला मारता येईना

याचं उत्तर मिळायला 2007 उजाडलं. लंडनमध्ये स्वी ले थाइन यांच्या गटाने आणि काही महिन्यांनी इटलीत सार्डिनियाच्या लोकसंख्येवर काम करणाऱ्या गटाने संपूर्ण जीनोम चाळून पाहिला: ज्यांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जरा जास्त आहे, त्यांच्या डीएनएत वेगळं काय आहे? दोन्ही गटांचं बोट एकाच जागेकडे गेलं, दुसऱ्या गुणसूत्रावरच्या बीसीएल11ए या जनुकाकडे. तोवर हे जनुक रक्ताच्या कर्करोगाच्या संदर्भात माहीत होतं. हिमोग्लोबिनशी त्याचा काही संबंध असेल हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

2008 मध्ये बोस्टनला स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन यांनी प्रौढ पेशींमध्ये बीसीएल11ए दाबून पाहिलं, तर गॅमा जागं झालं. 2011 मध्ये त्याच प्रयोगशाळेने सिकलसेल असलेल्या उंदरांच्या रक्तनिर्मितीतून हे जनुक काढून टाकलं आणि उंदरांचा आजार ओसरला. म्हणजे मिटवणारा हाच.

आता सरळ वाट दिसत होती: माणसाच्या पेशींतही बीसीएल11ए तोडून टाकायचं. पण ती वाट बंद होती. हे प्रथिन मेंदूच्या वाढीसाठी लागतं, प्रतिकारशक्तीच्या बी पेशींसाठी लागतं, आणि खुद्द रक्ताच्या मूलपेशींनाही लागतं. जन्मतः त्याची एकच प्रत बिघडलेली मुलं डॉक्टरांना भेटली आहेत. त्यांच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन टिकून राहतं, पण बौद्धिक वाढ आणि बोलणं मागे पडतं. मूलपेशींतून हे जनुक तोडलं तर मज्जेत त्या नीट रुजण्याचीच खात्री नाही.

एकच जनुक एका ठिकाणी नको आणि बाकी सगळीकडे हवं. अशा कोंडीत जनुकाचा नुसता मजकूर वाचून भागत नाही. ते कुठे, केव्हा आणि कुणाच्या हुकमाने वाचलं जातं, हे शोधावं लागतं.

2013 मध्ये डॅनियल बॉअर, ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी तेच केलं. जीनोमच्या त्या चाळणीत सापडलेले बदल बीसीएल11एच्या प्रथिन बनवणाऱ्या भागात नव्हतेच. ते होते जनुकाच्या आत, दोन अर्थपूर्ण तुकड्यांच्या मधल्या मोकळ्या वाटणाऱ्या पट्ट्यात. या गटाने पाहिलं की तांबड्या पेशी घडत असताना याच पट्ट्यातला क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि प्रथिनांची गुंडाळी, उकललेला असतो. डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. जिथे गुंडाळी सैल, तिथेच नियंत्रक प्रथिनं बसू शकतात. अशा तीन सैल जागा त्यांना मिळाल्या. जनुकाच्या आरंभापासूनच्या अंतरावरून, हजार अक्षरांच्या हिशेबात, त्यांना अधिक 55, अधिक 58 आणि अधिक 62 अशी नावं पडली. बी पेशींत या जागा मिटलेल्या होत्या. म्हणजे बीसीएल11ए सगळीकडे एकाच कळीने चालत नाही, तांबड्या पेशींसाठी त्याची वेगळी कळ आहे. जनुकाचा जोर वाढवणाऱ्या अशा पट्ट्याला एन्हान्सर म्हणतात.

मला या सगळ्या हकिगतीत 2013 ची ही पायरी सर्वांत मोलाची वाटते. उपचाराचं श्रेय लोक क्रिस्परला देतात, आणि कात्रीशिवाय काप घेता आला नसता हे खरंच आहे. पण कुठे कापायचं हे कात्रीने सांगितलेलं नाही. ते सांगितलं सैल आणि घट्ट क्रोमॅटिनच्या नकाशाने.

वीस अक्षरं

2015 मध्ये याच मंडळींनी एन्हान्सरच्या तिन्ही जागांवर इंच इंच पुढे सरकत शेकडो काप घेऊन पाहिले. बहुतेक काप वाया गेले. कापलं, पेशीने जोडलं, काही फरक नाही. अधिक 58 या जागेतल्या एका छोट्या टापूत मात्र काप बसला की बीसीएल11ए खाली यायचं आणि गॅमा वर.

ग्रे यांच्या पेशींत वापरलेल्या मार्गदर्शक आरएनएने, म्हणजे कात्रीला पत्ता सांगणाऱ्या रेणूने, डीएनएवरची हीच जागा हेरली. तिची वीस अक्षरं अशी: सी टी ए ए सी ए जी टी टी जी सी टी टी टी टी ए टी सी ए सी. कॅस9 ही कात्री नेहमी शेवटून तीन अक्षरं सोडून कापते. म्हणजे काप पडतो शेवटच्या 'सी ए सी'च्या अलीकडे. आता कापाच्या दोन्ही बाजू जोडून बघा: टी टी ए टी, आणि मग सी. समोरच्या धाग्यावर हीच पाच अक्षरं उलट्या दिशेने वाचली की होतात जी ए टी ए ए. ही आहे गाटा1 या प्रथिनाची बसण्याची जागा. गाटा1 हे तांबड्या पेशी घडवणारं मुख्य प्रथिन. ते इथे येऊन बसतं तेव्हाच तांबड्या पेशीत बीसीएल11ए जोर धरतं. काप नेमका या पाच अक्षरांच्या मधून जातो. पेशी तुटलेली टोकं घाईने जोडते, त्यात एकदोन अक्षरं गळतात किंवा जादा पडतात, आणि गाटा1 ला आपली जागा ओळखता येत नाही.

बी पेशी आणि मूलपेशी बीसीएल11ए चालवण्यासाठी ही कळ वापरत नाहीत, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. आणि संपादन फक्त शरीराबाहेर काढलेल्या रक्ताच्या मूलपेशींत झालं, म्हणून मेंदूपर्यंत काहीच पोहोचत नाही.

आता 52 टक्क्यांकडे परत येऊ. निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन सदोष असताना झटके कसे थांबले? पहिलं कारण संख्येचं. बीसीएल11ए खाली गेल्यावर नियंत्रक पट्टा गॅमाच्या दाराशी वळला, बीटाला त्याचा वेळ कमी मिळू लागला, त्यामुळे सदोष साखळी बनण्याचं प्रमाणही घटलं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. गॅमा असलेला रेणू त्या चिकट दोरात बसत नाही. एक साखळी गॅमाची आणि एक सदोष बीटाची असा मिश्र रेणूही बसत नाही. तिसरं कारण वेळेचं. ऑक्सिजन सुटल्याबरोबर दोर तयार होत नाही, आधी थोडा वेळ जातो, आणि सदोष हिमोग्लोबिन जरासं विरळ झालं तरी हा वेळ प्रचंड वाढतो. रक्तपेशी केशवाहिनीतून सेकंदाच्या आसपास पार होते. दोर वळायच्या आत ती फुप्फुसाच्या वाटेला लागली, ऑक्सिजन घेऊन मोकळी झाली, की विळा होतच नाही.

यासाठी एक अट असते: गर्भातलं हिमोग्लोबिन प्रत्येक पेशीत हवं. अर्ध्या पेशींत भरपूर आणि अर्ध्यांत शून्य असेल तर सरासरी छान दिसते, पण उरलेल्या अर्ध्या पेशी अडकतातच. ग्रे यांच्या जवळजवळ सगळ्या तांबड्या पेशींत ते सापडलं. 43 या आकड्यापेक्षा मला हे पसरलेपण मोठं यश वाटतं.

पुढचा प्रवास थोडक्यात. ब्रिटनने 16 नोव्हेंबर 2023 रोजी आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 8 डिसेंबर 2023 रोजी कॅसजेव्ही या नावाने या उपचाराला मान्यता दिली, वय 12 आणि पुढच्या रुग्णांसाठी. पुरेसा काळ निरीक्षणाखाली राहिलेल्या 31 पैकी 29 रुग्णांना सलग किमान 12 महिने तीव्र झटका आला नाही. अमेरिकेत किंमत ठरली 22 लाख डॉलर. पैशाइतकीच मोठी दुसरी किंमत शरीर मोजतं. संपादित पेशींना जागा व्हावी म्हणून आधी बुसल्फान या केमोथेरपीच्या औषधाने जुनी मज्जा रिकामी करावी लागते. त्यात तोंड सोलवटतं, काही आठवडे जंतुसंसर्गाचा धोका राहतो, वंध्यत्व येऊ शकतं. ज्यांना या उपचाराची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्यातल्या अनेकांचं शरीर हा मारा झेलू शकत नाही. ही या प्रकरणातली खरी अडचण आहे आणि यशाच्या बातम्यांत ती दोन ओळींत उरकू नये.

खूण की कारण?

याच अडचणीमुळे 1982 मधला एक जुना वाद पुन्हा वर आला.

डीएनएच्या सी या अक्षरावर एक छोटा मिथाइल गट चिकटवता येतो. अक्षर बदलत नाही, फक्त त्यावर खूण पडते. प्रौढांच्या मिटलेल्या गॅमा जनुकाच्या दाराशी, म्हणजे प्रमोटरवर, अशा खुणा असतात. गर्भातल्या चालू गॅमावर त्या नसतात. 1982 मध्ये आधी बबून माकडांना आणि मग बीटा थॅलेसेमियाच्या, म्हणजे बीटा साखळी पुरेशी न बनण्याच्या आजाराच्या, एका रुग्णाला 5-अ‍ॅझासायटिडिन हे मिथाइल पुसणारं औषध दिलं गेलं. गॅमा वाढलं. एपिजेनेटिक खूण पुसून माणसातलं जनुक जागं करण्याचा हा पहिलाच प्रयत्न म्हणावा लागेल.

लगेच शंका निघाली. हे औषध वाढत्या पेशींना मारतंही. मज्जेवर असा घाला पडला की ती घाईने पेशी बनवते आणि त्या घाईत गर्भातलं हिमोग्लोबिन आपोआप वाढतं. मग वाढ मिथाइल पुसल्याने झाली की माराने? पडताळण्यासाठी हायड्रॉक्सियुरिया वापरलं गेलं. ते पेशींची वाढ रोखतं, पण थेट मिथाइल पुसत नाही. त्यानेही गॅमा वाढलं. शंका बळावली, आणि त्या शंकेतूनच एक कामाचं औषध हाती लागलं: 1995 च्या मोठ्या चाचणीत झटक्यांची वार्षिक संख्या (मध्यक) नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 4.5, तर हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्यांत 2.5 होती, आणि 1998 मध्ये त्याला मान्यता मिळाली. मिथाइलचं कोडं मात्र तसंच राहिलं. ते जनुक मिटवतं, की जनुक मिटल्यानंतर मागाहून येऊन बसतं?

दरम्यान बीसीएल11एच्या बाजूने चित्र स्पष्ट होत गेलं. 2018 मध्ये दोन गटांनी दाखवलं की हे प्रथिन गॅमाच्या प्रमोटरवर, जनुकाच्या आरंभाआधी साधारण 115 अक्षरांवर, टी जी ए सी सी ए या सहा अक्षरांना पकडतं. जी माणसं आयुष्यभर गर्भातलं हिमोग्लोबिन बाळगतात त्यांच्यापैकी काहींत याच सहांतलं एक अक्षर बदललेलं असतं. तिथे बसल्यावर बीसीएल11ए एकटं काम करत नाही. ते न्यूआरडी नावाचा प्रथिनांचा ताफा बोलावतं, जो हिस्टोनवरचे अ‍ॅसिटिल गट काढून गुंडाळी घट्ट करतो. या ताफ्यातलं एक प्रथिन मिथाइलची खूण वाचणारं असतं. म्हणजे मिटवणारा आणि खूण एकाच कारभारात सामील आहेत. पण सामील असणं म्हणजे कारण असणं नव्हे.

2025 मध्ये सिडनीतल्या मर्लिन क्रॉसली आणि केट क्विनलन यांच्या गटाने अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयातल्या सहकाऱ्यांबरोबर हा प्रश्न थेट सोडवायला घेतला. त्यांनी कॅस9ची धार काढून घेतली. अशी बोथट कात्री डीएनए कापत नाही, फक्त दिलेल्या पत्त्यावर जाऊन बसते. तिच्या पाठीवर त्यांनी मिथाइल काढणारं विकर लादलं आणि तिला गॅमाच्या प्रमोटरवर पाठवलं. अक्षर एकही बदललं नाही, धागा तुटला नाही, पेशींवर विषारी औषधाचा मारा झाला नाही. फक्त त्या जागेवरची खूण पुसली गेली. प्रौढ पेशीतलं गॅमा जागं झालं. दुसऱ्या एका प्रयोगात, ज्या पेशींतलं मिथाइल आधीच गेलं होतं आणि गॅमा जागं झालं होतं, त्यांत त्याच जागी मिथाइल पुन्हा चढवलं, तर गॅमा पुन्हा मिटलं.

चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रयोगात नेमका हा परतीचा टप्पा नव्हता. पुसलं की उघडतं एवढंच दिसलं असतं तर पुन्हा शंका काढायला जागा राहिली असती. चढवलं की मिटतं हेही दिसलं, म्हणून मिथाइलला नुसती मागाहून उमटलेली खूण म्हणणं आता अवघड आहे.

आपल्याला याचा उपयोग काय, हे रुग्णाच्या बाजूने पाहायला हवं. कॅस9 धाग्याचे दोन्ही पदर तोडते. बहुतेक वेळा टोकं एकदोन अक्षरांच्या फरकाने जुळतात, पण क्वचित मोठा तुकडा गळतो किंवा गुणसूत्राची उलथापालथ होते. न कापता जनुक उघडता आलं तर हा धोका टळतो. अशी खूण टिकते का, याचं एक आशादायक उदाहरण यकृतातून मिळालं आहे. 2024 मध्ये मिलानच्या अँजेलो लोम्बार्डो यांच्या गटाने उंदरांच्या यकृतातलं पीसीएसके9 हे कोलेस्टेरॉलशी निगडित जनुक डीएनए न कापणाऱ्या साधनांनी, उलट दिशेने, म्हणजे मिथाइल चढवून मिटवलं. साधनं काही दिवसांत पेशीतून नाहीशी झाली, पण जनुकाचं काम जवळपास वर्षभर दबलेलं राहिलं.

गॅमाचं काम याहून कठीण आहे. यकृताची पेशी क्वचित विभागते. रक्ताच्या मूलपेशीपासून तांबड्या पेशीपर्यंत मात्र विभाजनांची लांब साखळी असते, आणि त्या वाटेवर बीसीएल11ए आपल्या सहा अक्षरांपाशी टपून असतं. मूलपेशीत पुसलेली मिथाइलची खूण या सगळ्या पायऱ्या उतरेपर्यंत पुसलेलीच राहते, की वाटेत पुन्हा चढवली जाते? मूलपेशीतल्या कोऱ्या प्रमोटरपासून तिच्या शेवटच्या वंशजापर्यंत ही खूण मोजत जाणं हे आता या विषयातलं पुढचं काम आहे.